फुटत नाही म्हणतो ना!

दोन हजार चोवीस साल, फागुन महिना, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायचे दिवस... तवापासून ह्या भगवानरावानं माझा हात सोडला नाही! तुम्हाले सांगतो राजेहो, मी आंधळा नाही, एक डोळा गेला माझा, एक! सावडीनं, म्हंजे आज मी त्याच्याकडं उद्या तो माझ्याकडं, असा त्याच्या वावरात गेलतो, तो पऱ्हाटी ओढून राह्यला, मी बाजूले उभा, पऱ्हाटी मोडली अन् तिचं टोक सरळ माझ्या डाव्या डोळ्यात. झालं. त्यानं मुद्दाम मारलं का? नाही. मी काही म्हटलं का? एक शब्द नाही! पण हा गडी पन्नास वर्षं मले "वामन्या, लेका" म्हणे, वावराच्या धुऱ्यावरून भांडे, पत्त्यात लबाडी करे... अन् आता? "वामनराव, हळू. वामनराव, तुम्ही बसा." मले तुम्ही म्हणते, मले! पत्त्यात मुद्दाम हरते! असं जिंकणं काय चाटायचं?

नागपूरच्या दवाखान्यात नवा डोळा बसवला. मले वाटलं गोटीवाणी गोल असन, पाहतो त टरफलासारखा, वाटीवाणी. बनवणारी पोरगी होती. बुबुळ रंगवलं, शिरा म्हणून लाल रेशमाचे धागे टाकले. म्हटलं, "बाई, धागे कमी टाक, गाव म्हणन म्हातारा दारू पेला." विचारलं, "काच हाय का?" तर म्हणे, "नाही आजोबा, काचेचा पडला की फुटतो. हे ॲक्रिलिक, चांगल्यातलं प्लास्टिक. ओरखडा पडेल, पण सहसा फुटत नाही. फक्त स्पिरिट लावू नका अन् उकळत्या पाण्यात टाकू नका."

ऐकलं? पण गावाले कोण सांगन! लग्नात मले वाजंत्र्यापासून दूर बसवलं, काहून? त आवाजानं डोळा तडकन म्हणे! अबे, फुटत नाही म्हणतो ना! उन्हात निघालो त इंदूबाई, आमची मंडळी, छत्री घेऊन मागं, "अहो, तापून तडा गेला त?" फुटत नाही म्हणतो ना! अन् भगवानराव त एस्टीत मले खिडकीपाशी बसू देत नाही, खड्ड्यात गाडी आदळन म्हणून! डोळा प्लास्टिकचा, अन् मी काचेचा?

परवा डोकं सरकलं माझं. भगवानराव अंगणात तूर वाळवून राह्यलाता. मी नळावर डोळा धुतला, तळहातावर घेतला, त्याच्यापुढं उभा राह्यलो. "पाह्य, भगवान!" अन् दिला फरशीवर सोडून! त्यानं स्वतःचे दोन्ही डोळे गच्च मिटले. डोळा उडाला, टणटण करत तुरीत गेला. उचलून दाखवला. "पटलं?"

"वामनराव... वरून पक्का दिसते. पण आतून कच्चा असला त?"

आता ह्या माणसाची खोड तुम्हाले माहीत नाही. तूर असो, सोयाबीन असो, दाताखाली फोडल्याशिवाय वाळली म्हणत नाही. व्यापाऱ्याच्या ओल मोजायच्या मशीनले मानत नाही. त्यानं डोळा घेतला, सदऱ्याले पुसला... अन् टाकला ना दाताखाली! दाण्यावाणी! कटकन!

त्याच्या सुनेच्या हातातलं सूप खाली. माझ्या मागं आलेली इंदूबाई ओरडली, "अहो, आधी तोंडातून डोळा काढा, गिळीन तो!" मीच बोट घालून काढला. धुऊन पाहतो... तडा नाही, टवका नाही, नुसता एक ओरखडा! अन् भगवानरावाच्या हातात? त्याचा समोरचा दात!

दिग्रसले दातवाल्याकडं मीच नेलं. स्टँडवर उतरताना त्याचा हात धरला. म्हटलं, "दमानं उतरा हो, भगवानराव."

तसा खेकसला, अर्धे शब्द फटीतून शिट्टी मारत, "हात सोड, वामन्या, लेका! दात गेला माझा, पाय नाही गेले!"

सोडला.

एका डोळ्याच्या बदल्यात एक दात... सौदा घाट्याचाच. काय करता? फिटलं.