बेडरूममधला परदेश

...आणि वर मलाच ऐकवते, "अहो, मी इथे नाहीये!" आता तुम्हीच सांगा, माझ्यापासून चार हातांवर, पलंगावर मांडी घालून बसलेली धडधाकट बाई, दार अर्धं उघडं, आणि ती इथे नाहीये? मी म्हटलं, अगं, साखरेचा डबा कुठेय एवढंच विचारतोय... तर म्हणते, "मी लेकीकडे आहे. फोन करा!"

तुम्हाला सांगतो, झालं काय, माझी बदली झाली आणि आम्ही या नव्या गावात येऊन पडलो. खोकी अजून उघडायचीत, कुठलं बटण दाबलं की काय चालू होतं याचा पत्ता नाही, तेवढ्यात परदेशातून लेकीचा फोन, "आई, दिवस भरत आलेत, सहा महिने राहायलाच ये!" मला कोण रजा देतंय? जेमतेम रुजू झालोय! मग हिला घोर लागला, या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, हा एकटा राहणार कसा? म्हणून ही रंगीत तालीम! बाईसाहेब आठ दिवस आधीच परदेशी गेल्या, बेडरूममध्ये! बोलायचं ते व्हिडिओ कॉलवर. मध्ये एक भिंत हो!

पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातला दिवा लावायला म्हणून भलतंच बटण दाबलं, तर बेडरूममधून किंकाळी, "इकडे थंडी आहे! पंखा कोणी लावला?" शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या, "ताई आहेत का?" म्हटलं, "नाही, परदेशात असतात." आणि नेमकी त्याच वेळी परदेशात कुणीतरी शिंकलं! वहिनींनी माझ्याकडे असं काही पाहिलं की...

पण गंमत सांगू? मला मजा यायला लागली! हे मशीन फिरतं कसं? या डब्यात काय? वाकून बघ, हुंगून बघ, चाखून बघ... सोडा चाखला, साबण चाखला, पण शिकलो! चौथ्या दिवशी असा भात जमला, शीत न् शीत मोकळं! लगेच कॉल लावला, "बघ!" ही म्हणाली, "हं. छान." आणि फोन बंद.

आता हे काय? मला राहवेना. फटीतून डोकावलो. तर नवा जाडजूड कोट घालून, भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि डोळे पुसतेय. हात्तिच्या! तेव्हा कुठे उमगलं मला. मी पास झालो आणि हिला वाटलं, आपलं इथलं काम संपलं!

दुसऱ्या दिवशी कुकर चढवला आणि शिट्टी मुद्दाम खिशात टाकली. फोन केला, "अगं, तू इथे नाहीयेस, कळतंय मला, पण हा कुकर नुसताच फुसफुसतोय गं..."

व्हिसा नाही, विमान नाही, कोटासकट धावत आली! "व्हा बाजूला! तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही! सहा महिने कसं होणार हो तुमचं?" काय फुलला होता चेहरा!

तेव्हा तुम्हाला सांगतो, घर चालवायला चार दिवसांत शिकलो. पण रोज एक चूक करायची, तीही नवी, हिला पटेल अशी, आणि सहा महिने... एखादी सुचली तर कळवा हो.