तिसऱ्या सिलिंडरची वायर

थांब, थांब — ती वायर काढू नकोस. सापडली ना तुला? वाटलंच मला. आमचे हे दिवाळीपासून शोधतायत, आणि तू येऊन बॉनेट उघडलंस काय, थोडं इकडेतिकडे बघितलंस काय, बोट बरोबर तिथेच. नाही, उंदीर नाही. पार्किंगमध्ये उंदीर आहेत, खरंय, पण उंदीर इतकी सरळ चीर पाडतो का? आणि तीसुद्धा खालच्या बाजूला, इंजिनाला टेकते तिथेच? ब्लेडची आहे ती. मी कापलीय, सुधन्वा. — असा बघू नकोस रे माझ्याकडे. तुम्हाला अहोजाहो करायला हवं खरं तर, काल सोसायटीच्या मराठी ग्रुपवर ओळख झाली आणि आज मी अरेतुरेवर आले — पण तू आमच्या राघवच्याच वयाचा, चालेल ना? हं. बस इथे कट्ट्यावर. हे नवी बॅटरी बघायला मार्केटमध्ये गेलेत, येतील सावकाश, चार दुकानं पालथी घातल्याशिवाय काही घेत नाहीत ते. तोवर मला बोलू दे. मधे काही विचारू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही.

राघव म्हणजे आमचा मुलगा. तुला यांनी सांगितलं असेल की तो बंगलोरला असतो — सांगितलं ना? सगळ्यांना तेच सांगतात. तो वर आहे. ती चौथ्या मजल्यावरची खिडकी दिसतेय, निळा पडदा — वर बघू नकोस एकदम! — तिथे. होळीनंतर एक दिवस गुडगावहून ऑफिसातून आला, लॅपटॉपची बॅग चपलांच्या रॅकवर ठेवली आणि म्हणाला, आई, उद्यापासून जात नाही. मी म्हटलं, अच्छा, कर आराम. मला काय माहीत आराम म्हणजे काय ते. तेव्हापासून खोलीत. भांडण नाही, नोकरी गेली नव्हती, कोणी मुलगीबिलगी नाही. काय झालं विचारलं तर म्हणायचा, काही नाही गं, खरंच काही नाही. आता तेही म्हणत नाही. डॉक्टर आहेत, गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात वेळ द्या. देतोय. ताट दाराशी ठेवते, कधी अर्धं संपतं, कधी तसंच. रात्री मी दाराला कान लावून उभी राहते, श्वास ऐकू येईपर्यंत. आतली कडी यांनी काढून टाकली. का काढली ते आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.

आणि ही गाडी. सासऱ्यांची फियाट, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हापासूनची. यांना तिच्यातलं काही कळत नव्हतं, राघवनेच तिला उभी केली, कॉलेजात असताना. दर रविवारी बापलेक इथे, मी चहा घेऊन खाली यायचे आणि ऐकत बसायचे — पॉइंट, कंडेन्सर, डायनॅमो — मला वाटायचं, संसारात कधी उपयोग होणार आहे याचा? इंजिन जरा मिसिंग करायला, म्हणजे अडखळायला लागलं ना, की त्याच्या अंगावर काटा यायचा. एकदा अंघोळीला गेला होता, यांनी खाली गाडी चालू केली, आणि हा पठ्ठ्या साबणाच्या अंगाने टॉवेल गुंडाळून जिन्याने खाली! म्हणे, बाबा, एक सिलिंडर मेलंय, ऐकू येत नाही का तुम्हाला?

तो खोलीत गेल्यावर मी रोज सकाळी गाडी चालू करायला लागले. यांना सांगितलं, उभी राहून खराब होईल. खरं म्हणजे — त्याला आवाज जावा म्हणून. पण ती छान चालायची, शहाण्यासारखी. वर काही हालचाल नाही. मग दसऱ्याच्या आसपास एका सकाळी काय झालं कोणास ठाऊक, गारठा होता, ती सुरू झाली आणि अडखळायला लागली — फट्, फट्, मधेच गप्प, परत फट्. आणि सुधन्वा, तो पडदा हलला. देवाशपथ. एवढासा. मी श्वास रोखून उभी. मग इंजिन गरम झालं, नीट चालायला लागलं, आणि पडदा परत पडला.

मी काय करायला हवं होतं, सांग! नाही, सांगू नकोस. मी यांचं दाढीचं ब्लेड घेतलं.

ती वायरच का? कारण त्या वायरी राघवने स्वतः कापून, मापून बसवल्या होत्या. यांनी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली, वायरींना हात लावला नाही. म्हणतात, त्या पोराने बसवल्यात, त्यांना काही होणार नाही. मला माहीत होतं ते तिथे बघणार नाहीत. माहीत होतं म्हणून तीच कापली.

पडदा रोज हलायला लागला. मग खिडकी उघडली. मग एका सकाळी फोनवर मेसेज आला — चोक बंद कर. बस, एवढंच. इतक्या महिन्यांत आपणहून एक अक्षर नाही आणि — चोक बंद कर. मी केला नाही बंद. वाटलं, चिडेल. चिडून येईल. काळा धूर निघेपर्यंत चालू ठेवली, गार्ड धावत आला, आंटी गाड़ी बंद करो, हवा वैसे ही ख़राब है. नाही आला तो. खिडकी लावून घेतली.

बॅटरी सारखी का उतरते, तेही तुला आता कळलं असेल. डायनॅमोला काही झालेलं नाही. मी रोज तासतासभर गाडी जागेवरच हळू चालू ठेवते, तेवढ्यात तो कुठला चार्ज करायला? लाल दिवा पेटलेलाच. बॅटरी उतरते, हे रात्री चार्जरवर लावतात, मी सकाळी परत उतरवते. आणि यांना वाटतं गाडीत दोन बिघाड आहेत. हातांची सालं निघालीत त्यांच्या, बघितलेस हात? परवा मी वर जेवायला बोलवायला आले तर हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून — रडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, विनया, मला एक गाडी नीट करता येत नाही, पोरगा काय नीट करणार मी? आणि मी काय केलं? मी म्हटलं, चला, वरण गार होतंय.

आता म्हणतात, आज तुला सापडलं नाही तर उद्या मुरलीधरला फोन करणार. गुडगावचा आहे, जुन्या गाड्या जमवतो. ट्रकवर घालून घेऊन जाईल. आणि सापडलं तर तू नीट करशील. म्हणजे माझ्याकडे दोन्हीकडून काही उरत नाही, समजतंय ना तुला? मानेसरला एवढा इंजिनाचा कारखाना सांभाळतोस, मग मला एवढं खोटं बोलून दे — सांग यांना की सापडलंय, पण पार्ट पुण्याहून मागवावा लागेल, पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवस दे मला. हात जोडते. — का नाही? यांना सांगू खरं? आणि ते मला काय म्हणतील, ते माहितीये तुला? काही म्हणणार नाहीत. तेच तर.

बरं. बरं, ठीक आहे, तुझं बरोबर असेल. बसव नवी वायर. पण एकदा — नवी बसवायच्या आधी एकदाच चालू करू दे. तुझ्या गाडीच्या बॅटरीची केबल लावलेलीच आहे. एकदाच, मग तू म्हणशील ते. सरक.

ऐक. फट्... फट्... ऐकतोयस ना? कसलं घाणेरडं चालतंय. राघव असता तर — तो आहेच म्हणा. पडद्याकडे बघू नकोस, तो मागे होतो मग. अजून जरा. एक्सलेटर देऊ नकोस, असंच धडपडू दे तिला. थोडंच. गार्डला मी बघते. अजून—

खिडकी लागली. बघ. लावून घेतली त्याने. संपलं. बंद कर, सुधन्वा, बंद कर ती, घे तुझी वायर, कर नीट, मला ऐकवत नाही आता. मूर्ख बाई आहे मी. यांना मीच सांगते आल्यावर, तू—

थांब. बंद नको करूस!

जिन्यात कोणीतरी आहे. लिफ्ट नाही, जिना. चपला घासत — थांबला. परत चालला. दुसरा मजला असेल. कोणी दुसरंच असेल, नाही का? पेपरवाला... पेपरवाला असा उतरत नाही. असं थांबत थांबत कोण उतरतं?

तू जा. हो, आत्ता, मागच्या गेटने. केबल राहू दे, गाडी राहू दे तुझी, पाना तिथेच ठेव मडगार्डवर. नवी वायर खिशात घाल, दिसू नये त्याला. यांना वाटेतच गाठ आणि कुठेही घेऊन जा, चहाला ने. बाय सुद्धा म्हणू नकोस. जा ना रे बाबा, जा —