पुसलेल्या खुणा

(बारामती, १९९८. छापखान्यात मुद्रितशोधक आबाजींची खोली.)

आबाजी : पुन्हा वाच, मुली. सावकाश.

जयवंता : "शिक्षण नमूद नाही. अनुभव नमूद नाही. सबब अर्ज अपात्र." काय सावकाश वाचू, गुरुजी? कंपनीच्या पत्रात येवढंच हाय.

आबाजी : परंतु तुझे बी.कॉम. त्यात होते. संगणकवर्गात दोन वर्षे शिकवलेस, तेही होते. मी स्वतः अक्षर न् अक्षर तपासले.

जयवंता : मथळ्याच्या दोन्ही अंगाला चांदण्या हुत्या. त्या कुठं गेल्या?

आबाजी : त्या तारका? मला वाटले, तुझा हात घसरला असावा. बत्तीस होत्या. एकेक पुसून मगच फ्लॉपी पुण्याला जाणाऱ्या सोपानजवळ कंपनीसाठी दिली.

जयवंता : आन् कोऱ्या वळी?

आबाजी : त्याही मिटवल्या. कागद वाया जाऊ नये म्हणून.

जयवंता : त्याच तर खुणा हुत्या, गुरुजी! कंपनीनं तसाच साधा मजकूर मागितला हुता. चांदणी दिसली की त्यांचा कंप्युटर मथळा धरतो, कोरी वळ दिसली की नवं कलम. खुणा न्हाईत, तर त्याला शिक्षण कुठं सापडावं?

आबाजी : म्हणजे सारे एकाच परिच्छेदात गेले.

जयवंता : नावापासनं पत्त्यापतुर. मी तुमाला निस्ती स्पेलिंगं बघा म्हणलं हुतं.

आबाजी : चाळीस वर्षे वेदपाठ शिकवला. अक्षराखालची आडवी रेघ, माथ्यावरची उभी रेघ, या स्वरांच्या खुणा. ती अक्षरे नव्हेत, तरी त्यांच्यावाचून मंत्र...

जयवंता : ठावं हाय. आठवीत तुमच्या तासाला मंत्राचा फळा पुसाया मी उठले, तवा तुमीच वरडला हुता. "खुणांना हात लावू नकोस."

आबाजी : मी कंपनीस पत्र लिहितो. अपराध माझा आहे.

जयवंता : वयाची अट सोमवारी सरली. तिसावं लागलं मला.

आबाजी : मग आता?

जयवंता : उद्यापासनं एमआयडीसीत. दुधाच्या पिशव्या भराया. आईनं डबा घासून ठिवलाय.

आबाजी : पत्रासोबत परत आलेली ती फ्लॉपी इथे ठेव. मी सर्व पूर्ववत करतो.

जयवंता : कुणाला पाठवाया?

आबाजी : कोऱ्या ओळी कोठे कोठे होत्या, तेवढे सांग, मुली.

जयवंता : नावाखाली एक हुती. बाकीच्या आता मला बी आठवत न्हाईत.