मंजूर झालेली सुट्टी

(शहागडजवळचं एक गाव. दुर्गाबाईचं तेरावं होऊन एक दिवस झालाय. सकाळी ओट्यावर तिची लोखंडी पेटी उघडून बसलेत तिचा नवरा, सैन्यातून मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले भुजंगराव, वय ऐंशी, आणि लेक दैवशाला.)

भुजंगराव : न्हाई, अशी उपसू नको. एकेक काढ, मोठ्यानं नाव घे, मंग खाली ठेव.

दैवशाला : आप्पा, साड्या आहेत आईच्या. मावशीला, काकूला वाटायच्यात, एवढंच. ही काय तुमची पलटण आहे?

भुजंगराव : पेटी ती पेटीच. आमच्यात माणूस गेला की त्याची पेटी दोघांनी मिळून उघडायची. एकानं बोलायचं, एकानं बघायचं. घरच्यांना दुखंल असं काही निघालं तर ते घरी धाडायचं न्हाई. जाळून टाकायचं.

दैवशाला : तुम्ही किती उघडल्या अशा?

भुजंगराव : पासष्टला एक. तवा मी साधा शिपाई, अन् तो माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा. एकाहत्तरला हवालदार होतो, पण मीच दवाखान्यात पडलो, पायात गोळी. श्रीलंकेत सुभेदार. तिथं चौदा केल्या. समद्या माझ्याच हातानं.

दैवशाला : मग आज मला कशाला बसवलंय?

भुजंगराव : तू कर. मी बघतो.

दैवशाला : बरं. हिरवी नऊवारी, जांबला दर्शनाला जाताना नेसायची ती. शाल एक. माझ्या शाळेतला फोटो, बघा, हा पण ठेवलाय तिनं. आणि हे... पाकीट आहे जुनं. अक्षर तुमचं आहे. "मी नसेन तरच उघडावे."

भुजंगराव : दे इकडं.

दैवशाला : उघडलेलं आहे.

भुजंगराव : नीट बघ. जुनं झालं की डिंक सुटतो.

दैवशाला : कात्रीनं कापलंय, आप्पा. सरळ. तुम्ही बसा आधी. काय आहे यात?

भुजंगराव : हल्ल्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे एकेक पत्र लिहून क्लार्ककडं द्यायचो. परत आला त्याला त्याचं पत्र परत. न्हाई आला त्याचं घरी जायचं. एकाहत्तरला मला लागलं, बेशुद्ध उचलून नेलं. मंग पत्राचं इचारलं तर क्लार्क म्हणला, गठ्ठा ट्रकासकट जळाला. मला वाटलं, सुटलो.

दैवशाला : सुटलो म्हणजे?

भुजंगराव : वाच तू.

दैवशाला : "दुर्गास. कल्याण वारल्याची तार मला वेळेवर मिळाली होती. साहेबांनी पंधरा दिवसांची सुट्टी मंजूर केली होती. मी आलो नाही. आमचे लेफ्टनंट साहेब नवीन आहेत. बत्तीस माणसांत लढाई पाहिलेला मी एकटाच. मी सुट्टीची चिठ्ठी फाडली. सुट्टी मिळाली नाही असे तुला कळवले ते खोटे आहे." ...आप्पा.

भुजंगराव : खाली आणखी हाये.

दैवशाला : नको. चार वर्षांचं पोर तापानं गेलं, आणि आईनं एकटीनं...

भुजंगराव : हो. एकटीनं.

दैवशाला : तुम्हाला आठवतंय का, माझ्या लग्नात मामा बोलला होता? पोराला माती द्यायला बाप आला नाही म्हणाला. आईनं त्याला भर मांडवात झाडला. सुट्टीच मिळाली नाही, माझ्या माणसाला काय हौस होती का, म्हणाली.

भुजंगराव : मी तिथंच होतो. मान हलवली मी. आता मला एवढंच कळू दे, तवा तिला ठाऊक होतं का न्हाई. तिला तर अक्षर येत नव्हतं.

दैवशाला : गल्लीतल्या बायांची पत्रं कोण वाचायचं तेव्हा?

भुजंगराव : गल्लीतलीच शालू. तवा सहावीला असंल ती. आपल्याच घरात भाकरी टाकून राह्यली, बोलाव.

दैवशाला : शालूआत्या, जरा बाहेर या. तवा उतरवून या.

शालू : आले. तुझ्या बापाला चहा पाह्यजे का पुन्हा? डॉक्टरनं दोनच सांगितलेत... अगं बाई. हे कुठं निघालं? मी समजले, वहिनीनं कवाच जाळलं.

भुजंगराव : तूच वाचलंस?

शालू : मीच. पाकिटावरचं आधी मनात वाचलं, दादा. वहिनी म्हणली, काय लिव्हलंय? सांगितलं. तिनं कात्री आणली. वाचून झालं तर म्हणली, सरकारची तार येईस्तोवर मी कुंकू पुसायची न्हाई, अन् तू कोणापाशी बोलायचं न्हाई. अकरा दिवस तशीच पाण्याला गेली, तशीच शेतात गेली. बाराव्या दिवशी तुमचं दवाखान्यातलं कार्ड आलं.

भुजंगराव : म्हंजे क्लार्कनं मला मेलेला समजून धाडलं, अन् मला जळालं म्हणला. सुट्टीचं वाचलंस?

शालू : तेवढं दोनदा वाचायला लावलं.

भुजंगराव : रडली?

शालू : न्हाई. इचारलं, माणसं किती लिव्हलीत? म्हणलं बत्तीस. तर म्हणली, त्यातली किती आली परत? म्हणलं, वहिनी, ते न्हाई लिव्हलेलं.

दैवशाला : आप्पा? पाणी देऊ?

भुजंगराव : बहात्तरला कुबडी घेऊन आल्तो. तिनं दारात पाय धुवायला पाणी दिलं. दुखतं का, काय झालं, काही न्हाई. पहिलाच सवाल, तुमची किती माणसं आली? म्हणलं, तेवीस. ती म्हणली, बरं झालं. अन् ताट वाढायला गेली.

दैवशाला : एवढंच?

भुजंगराव : एवढंच. मला लई राग आल्ता. माझी नऊ पोरं गेली अन् ही म्हणती बरं झालं. श्रीलंकेतून आलो तवाबी तेच इचारलं. मला वाटलं, हिला खोडच हाये. तो राग मी पन्नास वर्षं थोडा थोडा ठेवला, दैवू.

दैवशाला : तेवीस आले म्हणून म्हणाली ती.

भुजंगराव : ते आज कळून राह्यलं.

शालू : मी मोठी झाल्यावर तिला एकदा बोलले. म्हणलं, वहिनी, सांगून टाका त्यांना, तुम्हाला समदं ठाऊक हाये म्हणून. तर म्हणली, मंग तो माणूस माझ्यापुढं मान वर करायचा न्हाई. तसल्या माणसासंगं नांदून मी काय करू?

भुजंगराव : मान तर मी तशीबी कुठं वर केली.

दैवशाला : म्हणून घरात कल्याणदादाचं नाव निघत नव्हतं?

भुजंगराव : नाव काढलं की सुट्टीचं निघायचं. मंग पुन्हा खोटं बोलायचं. त्यापेक्षा काढलंच न्हाई. त्याला माती कुठं दिली, तेबी कधी इचारलं न्हाई तिला.

शालू : मला ठाऊक हाये. वहिनी मला संगं न्यायची.

भुजंगराव : लांब हाये का?

शालू : न्हाई, दादा. रोज सकाळी फिरायला जाता ना, त्याच्या शेजारूनच जाता तुम्ही.