एक मूठ चिखल

साकोलीच्या दवाखान्यात माझ्या बाकावर एक आई आणि तिची तरणी लेक इन्सुलिनचा पंप ठरवत बसल्या होत्या.

"चंदा, नळीचाच घे. कमरेले खोसला का पाहाले आलेल्या पाहुण्याइले दिसत नाही."

"नाही आई, दंडाले चिकटते तो घेईन. नळी धानाच्या रोवण्याच्या चिखलात अडकंल."

"तुले रोवण्याले कोण नेऊन राहिलं? सुया लागल्यापासून बांधावरच बसते तू."

"म्हणूनच. रोवणा सरला का बाया एकमेकीले चिखल फासतात. मले पाहून बाजूनं जातात."

"जपतात वो तुले."

"जपू नोका म्हणा. एक मूठ फासा म्हणा."

"पाण्यानं बिघडला तं?"

"डाक्टर म्हणे, हा पाण्यात चालते."

"कोणत्या दंडाले लावशील?"

"डाव्या."

"मंग उजव्या गालाले मी फासीन."