मधी थांबणारं इमान

चौदा तास म्हणं! आवो, चौदा तासात आमची म्हस दोनदा धार दिऊन रवंथ करत बसती, आन आमी नवराबायको दोन दीस झालं तरी पोचंना... तुमास्नी सांगतो, त्या मोबाईलचं कायबी खरं न्हाय.

आमची निशिगंधा क्यानडात, टोरांटोला. पयलटकरीण. आता पयलं बाळंतपण म्हायेरचं, ह्यात काय इचारायचं हाय? डाक्टर तिला इमानात बसू देईना, मग म्हायेरानंच तिकडं जायाचं. तर वारणानगरास्नं इहीणबाईंचा, शालूबाईंचा फोन, तुमी कशाला तरास घेता, आमी जातो की. आली का पंचाईत? त्या आधी पोचल्या तर राधानगरीत तोंड दावायची सोय न्हाय. बायको म्हणली, कायबी करा, त्या घरात पयलं पाऊल माझं पडाय पायजे.

गेलो अमरसिंहाकडं, त्यो गावात तिकिटं काढून देतोय. त्यानं मोबाईल चोळला. "तात्या, मुंबय ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, थेट इमान, चौदा तास." म्हटलं, मधी कुठं थांबतंय? तर थांबतच न्हाय म्हणला. टाळकंच सरकलं माझं. माणसं हायत का उसाच्या मोळ्या? यष्टी पुण्याला जाताना कराडात थांबती, माणूस उतरतंय, आडोशाला जातंय, च्या पितंय... म्हटलं, मधी थांबणारं काढ. त्यो कायतरी सांगाय लागला. म्हटलं, गप, मला शिकवू नगंस.

थांबलं की मग! दुबयीत. आर्धा दीस! पाय मोकळं केलं, इतकं मोकळं केलं की सुजून चप्पल चढंना. बायको बाकड्यावर आडवी, माझ्याकडं पाठ करून. तितल्या बाईला इचारलं, गाडी बंद पडलीया का? ती नुसती हासली. आन तितनं फुडं किती? चौदा तास म्हणं! हवेत ऊन मावळंना, दोनदा जेवलो, डोळा लागला, उठून बघतोय तर ऊन तितंच.

पोचलो. दार कुणी उघडलं? शालूबाईंनी. आमच्या मागनं निघाल्या, थेट इमानानं आधी हजर. "या पावणं, बसा." लेकीच्या घरात मी पावणा!

तरी बायकोला म्हटलं, पोरगी आजून मोकळी झाली न्हाय, बाळंतपण आपलंच. पर तितं दीस तवा आपल्याकडं रात, दुपारी डोळं मिटायचं ते उघडायचंच न्हायत. एक दिवस उठतोय तर घरात कोण न्हाय. सगळी दवाखान्यात, पोरगी बाळंत झालेली, नातू झालेला. म्हटलं, उठवलं का न्हाय? शालूबाई म्हणाल्या, "लई दमला हुता की वो तुमी."

मग काय? महिनाभर पोरगीला शेक त्येंचाच, बायकोच्या पायास्नी त्याल त्येंचंच. आन आमच्या मंडळीनं लेकीसाठनं न्हेलेल्या डिंकाच्या लाडवातला एक शालूबाई रोज सकाळी माझ्या हातावर ठिवायच्या. "खावा, पावणं. तुमची बी कंबर भरून याय पायजे."

खाल्ला. बाळंतपण कराय गेलतो, करून घिऊन आलो.