एकाच मावशींच्या दोन जन्मतारखा

…आणि वर मलाच विचारते, "सॉरी, पण या दोघींपैकी खरी कोणती?" आता काय सांगायचं हिला? मी म्हटलं, अहो, दोघी कुठल्या, बाई एकच आहे! एकच! पाच फूट उंच, पाचवारी साडीवर मुलाचं जुनं स्वेटर, पायात जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, आणि दर रविवारी अवोन्डेलच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला घाम फोडणारी, अशी दुसरी अख्ख्या न्यूझीलंडमध्ये सापडली तर मला दाखवा! फोनच्या पलीकडून हॉस्पिटलच्या त्या बाईची नुसती टकटक, टकटक… "हं… कॉम्प्युटर तर दोन दाखवतोय." झालं! कॉम्प्युटर दाखवतोय म्हटल्यावर तुम्ही आम्ही कोण?

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी गुरुनाथ. माउंट रॉस्किलच्या एका फार्मसीत फार्मासिस्ट. दुकान माझं नाही हं, मालक वेगळा, मी आपला काउंटरमागे पांढरा कोट घालून उभा. बायको सुखदा, नर्स आहे, हॉस्पिटलात. आणि ज्यांच्यावरून हे सगळं रामायण झालं त्या श्यामलामावशी. आमच्या नात्यातल्या वगैरे नाहीत, पण इथे पाच मैलांत मराठी बोलणारं माणूस भेटलं की नातं आपोआप लागतं. त्यांचा मुलगा शिरीष अवोन्डेलला राहतो. कॉम्प्युटरवाला. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी मला काका म्हणतो, ते असो.

तर मावशींचं पूर्ण नाव श्यामला राजाराम हळबे. आपल्याला यात काही वाटतं का? स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. सरळ! पण मावशी गेल्या जुलैत छातीत कफ होऊन हॉस्पिटलात गेल्या, शिरीष तेव्हा कामाला टौरंगाला, आणि तिथल्या फॉर्मवर चौकटी दोनच. नाव आणि आडनाव. बाई एक, नावं तीन, चौकटी दोन! काउंटरवरच्या मुलीने काय करावं? तिने पहिल्या चौकटीत श्यामला घातलं, दुसरीत राजाराम घातलं, आणि हळबे उरलं ते टाकून दिलं. बरं, घरच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये शिरीषनेच फॉर्म भरलेला, तिथे त्या श्यामला हळबे.

एवढ्यावर भागलं असतं हो! पण जन्मतारीख. मावशींचा जन्म चार जुलै एकोणीसशे एकतीसचा. लिहिताना आपण काय लिहितो? चार, रेघ, सात, रेघ, एकतीस. हॉस्पिटलने वाचलं, चार जुलै. बरोबर. क्लिनिकमधला प्रोग्रॅम अमेरिकेतून आणलेला. त्याला महिना आधी लागतो, तारीख नंतर. त्याने वाचलं, सात एप्रिल! आता बघा, हॉस्पिटलात श्यामला राजाराम, चार जुलै. क्लिनिकमध्ये श्यामला हळबे, सात एप्रिल. आणि माझ्या दुकानातला कॉम्प्युटर क्लिनिकचीच माहिती खातो, म्हणजे तिथेही सात एप्रिल. पण बाई एकच!

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? मावशींना दोन वाढदिवस, दोनदा केक खातील. मीही आधी हेच म्हटलं असतं. हे लिहायच्या पद्धतीचं, स्टँडर्डचं वगैरे प्रकरण म्हणजे मला वाटायचं, आम्ही पुण्याहून आणलेल्या मिक्सरसारखं. त्याच्या तीन गोल पिना, इथल्या भिंतीतल्या भोकांना तिरप्या फटी. दुकानातून अ‍ॅडॉप्टर आणला, चटणी झाली, विषय संपला.

तसं नव्हतं ते.

जुलैत हॉस्पिटलात मावशींना सल्फाचं औषध दिलं गेलं आणि तासाभरात अंगभर लाल चट्टे, डोळे सुजून बंद, ओठ हे एवढे, आणि श्वास लागला. त्या वॉर्डात ड्यूटीला कोण? आमची सुखदा! तिने स्वतः धावपळ केली, डॉक्टरांना बोलावलं, मावशी त्यातून उठल्या, आणि हिने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरमध्ये नोंद केली की या बाईंना पुन्हा कधीही सल्फा देऊ नये. हॉस्पिटलने क्लिनिकला तसं पत्रही धाडलं. श्यामला राजाराम, चार जुलै. क्लिनिकच्या कॉम्प्युटरने शोधलं, म्हणाला अशी कोणी बाईच नाही आमच्याकडे. पत्र गेलं ट्रेमध्ये. बसलं तिथे सात महिने!

आणि मग फेब्रुवारी उजाडला, सत्त्याण्णवचा. मावशींना लघवीची जळजळ. शिरीष क्लिनिकमध्ये घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एनी अ‍ॅलर्जीज? शिरीषने मराठीत विचारलं, "आई, तुला कसली अ‍ॅलर्जी आहे का?" मावशी म्हणाल्या, "छे रे, मला मेलीला शिंकसुद्धा येत नाही." झालं! आता मावशींच्या लेखी अ‍ॅलर्जी म्हणजे शिंका, त्याला त्या काय करणार? आणि चट्ट्यांचं शिरीषला सांगितलं होतं त्यांनी, पण फोनवर, "अंगावर उठलं होतं जरासं" एवढंच. मुलगा लांब, त्याला कशाला काळजी! डॉक्टरीणबाईंनी लिहून दिल्या सल्फाच्या गोळ्या, शिरीष दुपारी एकला चिठ्ठी घेऊन माझ्याकडे, मी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, काही लाल नाही, पिवळं नाही, सगळं स्वच्छ. मी गोळ्या मोजल्या, लेबल लावलं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. वर म्हटलं, "मावशींना नमस्कार सांग." नमस्कार सांग म्हटलं हो मी!

संध्याकाळी सहाला घरी आलो. तुम्हाला सांगतो, दुकानातलं किंवा हॉस्पिटलातलं घरी बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. कायदाच आहे तसा. पण चहा घेता घेता माझ्या तोंडून निघून गेलं, "श्यामलामावशींना बरं नाही म्हणे, आज सल्फाच्या गोळ्या नेल्या शिरीषने." सुखदा कणीक मळत होती. हात थांबला. "काय दिलंत म्हणालात?"

"सल्फा."

"अहो, मी लिहून ठेवलंय! मी स्वतः लिहिलंय!"

मी म्हटलं, माझ्याकडे तर काही नव्हतं. ती म्हणाली, "फोन करा." नुसतं एवढंच. वीस वर्षं औषधं देतोय मी. वीस वर्षांत असा फोन कधी करावा लागला नव्हता. नंबर फिरवला. टूं टूं टूं. एंगेज! पुन्हा फिरवला. टूं टूं टूं. शिरीष इंटरनेटवर असणार! त्यांच्याकडे तो मोडेम का काय, तो चालू असला की फोन बंद. पुन्हा टूं टूं टूं. सुखदा कणकेच्या हातानेच म्हणाली, "गाडी काढा."

काढली. ती आमची जुनी कोरोला. फेब्रुवारीची संध्याकाळ, लख्ख ऊन, लोक आपले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून, टॉवेल खांद्यावर टाकून समुद्रावरून परत येतायत, हसतायत, आणि मी प्रत्येक सिग्नलला मनातल्या मनात हिशोब करतोय. एकला गोळ्या नेल्या… दोनला जेवण… अडीचला गोळी… साडेतीनला… शेजारी सुखदा. पिठाचे हात मांडीवर.

पोचलो. बेल वाजवली नाही, दारच ढकललं. बघतो तर मावशी सोफ्यावर जपमाळ घेऊन बसलेल्या, आणि समोर टीपॉयवर माझी बाटली. माझ्या लेबलची. मी ओरडलोच, "मावशी, गोळी घेतलीत?"

"अरे हो हो, बस तरी आधी! किया ओरा!" हा इथला माओरी भाषेतला नमस्कार त्या नवीन शिकल्या होत्या, येईल त्याला म्हणायच्या.

"गोळी, मावशी! घेतलीत का?"

"कशी घेणार? तूच लिहिलंयस ना, जेवणानंतर? आज माझी संकष्टी."

"सकाळपासून काहीच नाही खाल्लंत?"

"खाल्लं की! साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोन केळी खाल्ली. पण ते फराळाचं रे. ते काय जेवण असतं?"

मी बाटली उघडून गोळ्या मोजल्या. सगळ्या होत्या. सुखदाने बाटली उचलली आणि पर्समध्ये टाकली, आणि मग त्या पिठाच्या हातांनी मावशींना अशी मिठी मारली की मावशींच्या स्वेटरला दोन पांढरे पंजे उमटले. मावशी बिचाऱ्या म्हणतायत, "अगं, झालं काय? कोणी गेलं का?"

बरं, तो शिरीष! आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे. मी विचारलं, "बाबा रे, तासभर फोन अडवून काय करतोयस?" तर म्हणाला, "काका, चंद्रोदय शोधतोय." मावशींच्या कॅलेंडरात चंद्रोदय नऊ सदतीस. पण तो पुण्याचा! पुण्यात नऊ सदतीस वाजतात तेव्हा इथे पहाटेचे पाच. मावशी म्हणणार, कॅलेंडरात छापलंय ते खरं, मी पहाटे पाचला जेवेन. शिरीष म्हणणार, आई, इथला चंद्र बघायचा असतो. दुपारपासून मायलेकरांचं हे चाललेलं! तेव्हा माझ्या लक्षात आलं हो, एका तारखेचा घोळ मावशींच्या जिवावर उठला होता, आणि जेवण कशाला म्हणायचं आणि ते कधी, या दुसऱ्या घोळाने त्या वाचल्या. नशीब म्हणतात ते हेच असेल तर त्याच्यावर दुकान चालवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून फोनवर बसलो. क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी स्वतः ट्रे उपसला, पत्र सापडलं, आणि त्यांचा आवाज ऐकून मलाच त्यांची समजूत काढावी लागली. वेगळ्या गोळ्याही त्यांनी लगेच लिहून दिल्या. मग हॉस्पिटलात फोन, आणि तिथे ती बाई, "दोघींपैकी खरी कोणती?" मी पाऊण तास सांगतोय, बाई एकच! शेवटी ती म्हणाली, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथलं ‘झकास’. "त्या दोघींनाही सही करायला पाठवून द्या."

मग मी हॉस्पिटलच्या वरच्या साहेबांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, चार पानी. त्याचा परिणाम काय? मला मीटिंगला बोलावलं. आमच्या भागातली क्लिनिकं, फार्मस्या, हॉस्पिटलचे लोक, सगळे एका हॉलमध्ये, स्कोनचे पाव आणि चहा. विषय एकच, माणसाचं नाव आणि जन्मतारीख लिहायची कशी. मला वाटलं, दहा मिनिटं. तीन तास! एक चिनी फार्मासिस्ट म्हणाली, आमच्यात आडनाव आधी येतं. सामोआची एक नर्स म्हणाली, आमच्या वडिलांना मानाचं नाव मिळालं तेव्हा जुनं नावच बदललं, ते लिहायला तुमच्याकडे चौकट आहे का? एक जण उठून म्हणाला, माझ्या आजोबांची जन्मतारीख कोणालाच माहीत नाही, बोटीतून उतरताना साहेबाने लिहून टाकली. मी तिथे बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, आपल्याच मावशी एकट्या नाहीत. हॉल भरून माणसं चौकटीबाहेर उरलेली! सरतेशेवटी ठरलं, तारीख आधी, महिना अक्षरात, वर्ष पूर्ण चार आकडी, आणि गोळ्या हातात देण्याआधी प्रत्येकाला तोंडी विचारायचं. प्रत्येकाला. ओळखीचा असला तरी. हात वर करून ठरलं, माझाही हात वर.

मावशींचे दोन कागद जोडून एक झाले. बाई एकच, हे कॉम्प्युटरला पटायला अकरा आठवडे लागले. मावशी ठणठणीत आहेत. मात्र इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगतात, "गुरूने मला चुकीच्या गोळ्या दिलेल्या, पण पोरगा मनाचा चांगला हो, स्वतः येऊन परत घेऊन गेला." आता मराठी बायका माझ्याकडून खोकल्याचं औषध घेतलं तरी बाटली उजेडात धरून बघतात. बघू देत.

आणि मी नियम पाळतो. काउंटरवर येईल त्याला विचारतो. मालकाला विचारतो, पोस्टमनला विचारतो. परवा दुपारी गर्दी होती, सहा गिऱ्हाईकं रांगेत, मी मान खाली घालून लेबलं लावतोय, पुढच्या माणसाला विचारलं, "फुल नेम? डेट ऑफ बर्थ?" वर बघितलं तर सुखदा! दुखऱ्या खांद्याचं मलम न्यायला आलेली.

म्हणाली, "वीस वर्षं झाली लग्नाला. तुम्हीच सांगा."

मराठीत म्हणाली, पण कशी कुणास ठाऊक, अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. रांगेतला एक चिनी म्हातारासुद्धा. मी आठवतोय… आठवतोय… आणि तुम्हाला सांगतो, महिना आला हो लगेच, अगदी अक्षरात आला… तारीख काही येईना.

मलम घेऊन गेली ती. तेव्हापासून माझा डबा मीच भरतो.